विरजणाची माती

माळा रिकामा करायला स्टूलवर मी एकटीच चढले. मुक्ताला कळलं असतं तर तिनं मेलबर्नमधून आकांडतांडव केलं असतं, म्हणून तिला सांगितलंच नाही. लहानपणी मी तिला स्टूलवर चढू नकोस म्हणून ओरडायची, आता ती मला ओरडते. पुढच्या महिन्यात हा फ्लॅट एका तरुण जोडप्याचा होणार आणि मी पुण्याला, ज्येष्ठांसाठी बांधलेल्या एका सोसायटीत राहायला जाणार. मुक्तानंच शोधलीय ती. तिथं पायऱ्या नाहीत, पलंगाशी घंटा आहे, नर्स आहे. कुंड्या मात्र आणायच्या नाहीत, असं त्यांनी फोनवर पुन्हा पुन्हा बजावलं. माती सांडते म्हणे.

फुटक्या इस्त्रीच्या मागं रसगुल्ल्यांचा पत्र्याचा डबा निघाला. झाकण गंजून घट्ट बसलं होतं. उलथन्याच्या टोकानं उचकटलं, तर आत मुक्ताच्या जुन्या फ्रॉकच्या तुकड्यात बांधलेली माती. राखाडी, कडक ढेकळं. एक नाकाशी नेलं आणि मी तिथंच स्वयंपाकघराच्या फरशीवर बसले. शेवाळ, म्हशी, कुजलेला पाला आणि मागं कुठंतरी कापूर. असा वास आमच्या सोसायटीच्या मागच्या जोहडाला, म्हणजे गावतळ्याला, यायचा, आणि तोही गणपती झाल्यावरच.

संध्याकाळी मुक्ताचा फोन आला तेव्हा मी डबा कॅमेऱ्यासमोर धरला.

"आई, हे काय आहे?"

"माती. आपल्या जोहडाची."

"माती? सीरियसली? टाकून दे ना यार. पॅकिंगवाले हसतील." मागून नातू इंग्रजीत काहीतरी मागत होता. ती त्याच्याकडे वळली, मग पुन्हा माझ्याकडे. "आणि तू माळ्यावरून काढलास डबा? चढली होतीस तू?"

मी विषय बदलला. फोन ठेवल्यावर वाईट वाटलं, पण त्याहून जास्त भीती वाटली. जोहड गेलं त्याला आता किती काळ लोटला. त्या जागी काचेची इमारत उभी आहे आणि तिच्या तळघरात गाड्या. हे गेले. खालच्या मजल्यावरची शमा सोलापूरला परत गेली. मुलं पांगली. ते पाणी आता माझ्या एकटीच्याच डोक्यात उरलं असेल, तर मग ते खरंच होतं हे सांगणार कोण? रात्रीचं जेवण मी जेवले नाही. डबा उशाशी घेऊन झोपले, म्हातारपणी माणूस काहीही करतं.

आम्ही इथं आलो तेव्हा या शहराला सगळे गुडगाव म्हणायचे आणि म्हणताना नाक मुरडायचे. त्याआधी दिल्लीत, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरात होतो. तिथं खाली उतरलं की बाजार, कपड्यांचे ढीग, रिक्षावाल्यांची भांडणं, आणि रोज संध्याकाळी दारात कुणी ना कुणी मराठी माणूस. यांच्या ऑफिसातल्या लोकांनी मिळून सोसायटी काढली, ड्रॉमध्ये आमचा नंबर लागला आणि आम्ही सामान घेऊन मोहरीच्या शेतांत येऊन पडलो. रस्त्यांना नावं नव्हती. दिवे गेले की जनरेटरची धडधड सुरू व्हायची आणि तिच्यावरूनच सोसायटी कुठं आहे ते पाहुण्यांना कळायचं. हमरस्त्यावर मोठमोठ्या पाट्या लागल्या होत्या. त्यांत निळ्याशार पाण्याचे पोहण्याचे तलाव आणि त्यांच्या काठी गोरीपान कुटुंबं. आमच्याकडे तलाव खराखुरा होता, फक्त त्यात म्हशी पोहत.

हे सकाळी चार्टर्ड बसनं जायचे ते दिवेलागणीला यायचे. लग्नाआधी मी सांगलीला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. बदल्यांमध्ये ते सुटलं ते सुटलंच. दुपारी त्या नव्या कोऱ्या इमारतीत रंगाचा वास आणि मी, एवढेच असायचो. कधी कधी दिवसभरात दूधवाल्याशी आणि इस्त्रीवाल्याशी बोललेल्या हिंदीपलीकडे तोंड उघडायचं नाही. मागच्या भिंतीला मजुरांनी पाडलेलं एक भगदाड होतं. एका दुपारी मुक्ताला शाळेतून आणताना मी त्या भगदाडातून पलीकडे गेले. जोहड तिथं पसरलेलं होतं, गावातल्या कडुलिंबांपर्यंत. काठाशी पाय ठेवला तर चार बेडूक एकदम पाण्यात पडले. मुक्ता इतकी हसली, की दुसऱ्या दिवशी तिनं सोबत अर्शदला आणलं.

अर्शद शमाचा मुलगा. शमा खालच्या मजल्यावर राहायची, सोलापूरची, नवरा-बायको दोघं केंद्र सरकारच्या नोकरीत. आख्ख्या सोसायटीत मराठी ऐकू येणारी घरं दोनच, त्यांचं आणि आमचं. मग हनी आला. तो शेजारच्या सरदारजींचा मुलगा, केसांच्या अंबाड्यावर पांढरा रुमाल, मांजरासारखी नजर. आणखीही कोण कोण यायचे, पण कायमची ही तीन. माझ्याकडे चहाची गाळणी, एक पांढरं तामचिनीचं भांडं आणि भिंग. नियम दोन. पकडलेलं पुन्हा सोडायचं, आणि भांड्यावर सावली पाडायची नाही. दुसरा नियम रोज मोडायचा. तीन डोकी एकदम भांड्यावर यायची, "सरक ना", "मुझे भी दिखाओ आंटी", "काकू, हा मुद्दाम ढकलतोय" असा गोंधळ चालायचा आणि शेवटी मीच बाजूला सरकून बसायची. माझ्या वाट्याला त्यांच्या डोक्यांमधली फटच यायची. मी बरंच पाहिलं त्या फटीतून.

थंडीत जोहड दिसायचंच नाही. धुकं इतकं, की आपण काठावर आहोत हे पायांना गारवा लागल्यावर कळायचं. मुलं माकडटोप्या घालून गप्प उभी राहायची, कारण पलीकडे बदकं बोलत असायची. थंड देशांतून आलेली, रुंद चोचींची. धुकं उठायला लागलं की आधी शेकाट्यांचे लालभडक पाय दिसायचे, मग वर पक्षी. हनी कुजबुजायचा, "आंटी, पैर पहले आ गए." ती बोचरी थंडी, शेकोटीचा धूर, स्वेटरला येणारा डांबरगोळ्यांचा वास आणि माझ्या कोटाच्या खिशात मुक्ताची गार मूठ. त्या मुठीसाठी मी आजही ती थंडी सोसायला तयार आहे.

होळी झाली की चतुर निघायचे. चतुराची पिल्लं वर्षभर चिखलात दबा धरून असतात, दिसायला अगदी गुंड. एका सकाळी त्यातलं एक लव्हाळ्यावर चढलं, त्याची पाठ उलली आणि आतून चुरगळलेलं, ओलं काहीतरी बाहेर आलं. आम्ही शाळेची बस चुकवली. पंख ताठ होईपर्यंत कुणी जागचं हललं नाही. अर्शदनं ती रिकामी कात काडेपेटीत ठेवली आणि शमानं पेटी उघडल्यावर जी किंकाळी फोडली ती तिसऱ्या मजल्यापर्यंत आली. "ताई, तुमच्या नादानं माझं पोरगं किडे घरात आणतंय!" असं म्हणत ती वर आली, आणि चहा पिऊन, भिंगातून ती कात पुन्हा पुन्हा बघून गेली.

मग लू, तो भाजणारा वारा, सुटायची. जोहड कडेकडेनं आटत जायचं, गाळाला भेगा पडायच्या आणि त्या भेगांवरून चालताना भाजलेल्या पापडासारखा आवाज यायचा. गावातले लोक तेव्हा कडेचा गाळ काढून शेतात नेत. आम्हीही दोन गोण्या भरून आणायचो, गणपतीसाठी. सरोजिनी नगरात मूर्ती विकत मिळायची. इथं कोण आणणार? पहिल्या वर्षी हे म्हणाले, "सुपारी मांडू या." मुक्तानं भोकाड पसरलं. तेव्हा मी म्हटलं, तळं आपलं आहे, गणपतीही आपणच करू.

गच्चीवर गाळ वाळवायचा, कुटायचा, यांच्या जुन्या धोतरातून चाळायचा, भिजवायचा, तिंबायचा. सोंड हनीची, कारण त्याचे हात स्थिर. मोदक मुक्ताचा. उंदीर अर्शदनंच करायचा, आणि तो दरवर्षी सशाएवढा व्हायचा. हे म्हणायचे, "बाप्पा उंदरावरून आलेत, का उंदीर बाप्पांना घेऊन आलाय?" वाळताना सोंडेला चिरा पडायच्या, म्हणून रात्री तिच्यावर ओलं फडकं. रंग म्हणून थोडा गेरू, थोडी हळद. डोळे मी काढायची, आणि त्या वेळी मुलांना श्वाससुद्धा मोठ्यानं घ्यायला बंदी होती.

तोवर जोहड काठोकाठ भरलेलं असायचं. दीड दिवसानं आम्ही पाटावर गणपती घेऊन भगदाडातून निघायचो. हे पुढं, शमा आरतीचं ताट धरून, हनी झांजा बडवत. पहिल्या वर्षी गावातली एक म्हातारी म्हशींना पाणी पाजत होती. ती ओढणी सावरत जवळ आली.

"ऐ बहनजी, यो थारी सांझी सै के?"

सांझी म्हणजे त्यांची मातीची देवी. दसऱ्याच्या वेळी गावातल्या मुली ती भिंतीवर करतात आणि मग याच पाण्यात सोडतात. हे तिनं मला हातवारे करून सांगितलं. मी म्हटलं, हो, आमची सांझीच. "तो राम-राम कर कै घाल दे," ती म्हणाली आणि म्हशींना बाजूला हाकललं. त्या परक्या मुलखात मला कुणीतरी वाट करून दिली, ती त्या दिवशी. मी रडले. यांना वाटलं गणपतीसाठी.

विसर्जनानंतर पाटावर तिथली मूठभर माती घेऊन घरी यायचं, ती गणपतीच्या जागी ठेवून आरती करायची, हे आमच्या घरातलं जुनं चालत आलेलं. मग ती माती तुळशीत घालायची. पण मुक्ता घालू देईना. "पुढच्या वर्षीच्या बाप्पात घालू," ती म्हणाली. "तू नाही का दह्याचं थोडं ठेवतेस, उद्याच्या विरजणाला?" तेव्हापासून ती मूठ रसगुल्ल्यांच्या डब्यात जायची आणि पुढच्या भाद्रपदात नव्या मातीत तिंबली जायची. प्रत्येक गणपतीत आधीचे सगळे गणपती थोडे थोडे असत. हिशोब मुलांना फार आवडायचा.

पावसाच्या दिवसांत काठालगतच्या उथळ डबक्यांत एक जीव यायचा, तो मुलांचा लाडका. करंगळीच्या नखाएवढा, काचेसारखा आरपार, आणि पोहायचा कायम उताणा. पाय वर करून, त्यांची झालर हलवत, अगदी सुट्टीवर असल्यासारखा. मुलांनी नाव ठेवलं, उताणे. मी त्यांना सांगितलं की हे थोडेच दिवस जगतात, पण त्यांची अंडी वाळलेल्या मातीत पडून राहतात. ऊन, लू, थंडी, काही झालं तरी. मग कधीतरी पाणी येतं. "किती दिवस पडून राहतात?" अर्शदनं विचारलं. मी म्हटलं, खूप. वर्षंच्या वर्षं. "उनको पता कैसे चलता है?" हनी म्हणाला. ते मला आजही सांगता येणार नाही.

शरदात शिंगाडे निघायचे. गावातला कुणीतरी टायरच्या ट्यूबवर बसून ते काढायचा आणि मुलांना ओंजळभर द्यायचा. हिरवे, टोचणारे, आत दुधाळ. मुक्ताच्या बोटांना दिवाळीपर्यंत त्यांचा डाग असायचा. शेवटच्या शरदातही तो होता. तो शेवटचा, हे कुणी सांगितलं असतं तर मी तिला हात धुवायला लावले नसते.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही गोण्या भरून आणल्या. मग ट्रक यायला लागले. समोर कुठंतरी तळघरं खणत होते आणि तिथला राडारोडा आमच्याकडे येऊन पडायचा. आधी मुलांना ट्रकची मजा वाटली. मग ज्या बाजूला शेकाट्या उभ्या राहायच्या ती बाजू राहिली नाही. टिटवी दिवसभर ओरडत डोक्यावरून फिरायची. पाऊस आला तेव्हा त्याला थांबायला जागाच नव्हती, तो तसाच रस्त्यानं वाहून गेला. श्रावणात पत्र्याचं कुंपण लागलं, आमच्या भिंतीचं भगदाड कुणीतरी बुजवलं, आणि इतकी वर्षं ते बुजवा म्हणून तक्रारी करणारी सोसायटी खूश झाली.

गणपती मात्र तयार होता. जोहडाच्या मातीचा, विरजण घातलेला. त्या वर्षी उंदीर पहिल्यांदाच लहान झाला. अर्शदला मोठा करावासाच वाटला नाही.

"आता बाप्पाला कुठं सोडायचं?" मुक्तानं विचारलं. यमुनेवर नेऊ, असं हे म्हणाले. ती ऐकेना. "तो इथला आहे ना." शेवटी बाल्कनीत मोठी बादली ठेवली. नळाला बोअरचं खारट पाणी यायचं, म्हणून मी सांगितलं, नळाचं घालायचं नाही, पावसाचंच साठवा. मुलांनी गच्चीवर पातेली, डबे, आंघोळीचे मग, जे हाताला लागेल ते मांडलं. त्यातून बादली भरली. बाल्कनीतच आरती म्हटली. गणपती पाण्यात ठेवला. हळदीचा डाग वर आला, मग सोंड गेली, मग कान. हनी झांजा मांडीवर ठेवून बसला होता. शमा माझा हात धरून उभी होती.

बादली तशीच राहिली. उचलून ओतायचा धीर कुणाला होईना. मग एका दुपारी मी कणीक मळत होते आणि बाल्कनीतून अर्शदची हाक आली.

"हललं! काकू, हललं! हललं!"

पिठाचे हात घेऊन धावले. तीन डोकी बादलीवर. गाळ तळाशी बसला होता, वर पाणी निवळलं होतं आणि त्यात धुळीच्या कणाएवढं काहीतरी थरथरत होतं. मग आणखी एक. आणखी. काही दिवसांत ते मोठे झाले आणि पाय वर करून, झालर हलवत, निवांत पोहायला लागले. उताणे.

"बाप्पाच्या पोटात तळं होतं," मुक्ता म्हणाली. हे नेहमी काहीतरी टोमणा मारायचे, त्या दिवशी चौथं डोकं बादलीवर यांचंच. शमानं खालून हलवा करून आणला. ती सगळी माणसं त्या अरुंद बाल्कनीत कशी मावली होती, ते आज तिथं उभं राहून मला कळत नाही.

उताणे गेल्यावर ती माती वाळवून डब्यात भरली. पुढच्या वर्षी मुक्ताचे क्लास सुरू झाले, हनीचं घर बदललं, शमाची बदली झाली. मूर्ती बाजारात मिळायला लागली होती, रंगीत, चकचकीत, उंदीर बेताचा. डबा माळ्यावर गेला.

डबा सापडल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तेव्हा पाऊस लागला होता. डबा उशाशीच. मी बाल्कनीत बादली ठेवली, गच्चीवर जाऊन दोन पातेली मांडून आले. लिफ्टमध्ये शेजारची मुलगी भेटली, कानात तारा घालून. "सब ठीक, आंटी?" म्हणाली. मी म्हटलं, बिल्कुल. मग मुक्ताला फोटो पाठवला. बादलीचा, शेजारी फ्रॉकचं कापड. खाली काही लिहिलं नाही. काय लिहिणार?

दुपारपर्यंत उत्तर नाही. मला ते अपेक्षितच होतं, तरी मी फोन सारखा उलटा-सुलटा करत होते. मग तो वाजला. बोललेला निरोप होता, ऑफिसातून असावा, दबक्या आवाजात.

"आई, ऐक. नळाचं पाणी नको हं. पावसाचंच घाल. आणि डायरेक्ट ऊन नको, आपण ते... काय म्हणायचो... चादर लावायचो ना बाल्कनीला, तशी लाव." मग दार लावल्याचा आवाज. "काल मी टाकून दे म्हटलं. टाकू नकोस. पुण्याला तो डबा तुझ्या पर्समध्ये घे. कुंडी नाहीये ती. आणि अर्शदला सांगू का मी? त्याचा नंबर असेल माझ्याकडे."

मी तो निरोप पुन्हा पुन्हा ऐकला. मग रडले, आणि या वेळी कशासाठी ते मला नीट माहीत होतं.

अर्धी ढेकळं बादलीत घातली, अर्धी डब्यात ठेवली, विरजणाला. आता रोज सकाळी चहा घेऊन बादलीशी बसते. समोर काचेची इमारत, तिच्यात ढग. घरात खोकी आणि भिंतींवर फोटोंच्या जागचे पांढरे चौकोन. कुणी येत नाही, कुणी यायचं राहिलेलंही नाही. इतक्या वर्षांच्या मातीत काही उरलं असेल असं शास्त्र शिकवलेल्या बाईनं छातीठोक म्हणू नये, हे मला कळतं. तरी बसते.

आज पाणी निवळलं होतं. चष्मा पुसला, वाकले. तळाच्या गाळावर, उजेडाच्या कवडशात, धुळीच्या कणाएवढं काहीतरी थरथरलं. पुन्हा थरथरलं.

"हललं," मी मोठ्यानं म्हणाले. आवाज मोकळ्या घरातून फिरून परत आला.

आणि मुलांना दिसावं म्हणून मी सवयीनं जरा बाजूला सरकून बसले.